कंडक्टरबाईंचं टाइमटेबल

पुसदच्या बसस्टँडबाहेर आमची पुस्तकांची गाडी उभी होती आणि एक बाई गाडीच्या दाराला चिकटवलेलं वेळापत्रक वाचून एकट्याच हसत होत्या. गालातल्या गालात नव्हे, चांगल्या खळखळून. येणारे-जाणारे वळून पाहत होते. वेळापत्रकात शुद्धलेखनाची काही भलतीच चूक राहिली असावी असं वाटून मी खाली उतरले.

"काय झालं, बाई?"

"हे कोणं केलं?"

"पुण्याच्या ऑफिसनं. कॉम्प्युटरवर."

"तरीच!" त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "ह्या गावात मंगळवारी अकराले? अवो माय, मंगळवारी बाजूच्या गावचा बजार राह्यते. सारं गाव साडेनऊच्या बसनं निंघून जाते. इतके वर्षं मीच तं तिकिटं फाडली त्याईची. तुमाले कोण भेटते त्या टायमाले?"

"कुणीच नाही," मी खरं ते सांगितलं.

"मंग!" असं म्हणून बाई पुन्हा हसायला लागल्या.

त्या नुकत्याच बसच्या नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या. कंडक्टर होत्या. पुसद, महागाव आणि मधली सगळी गावं त्यांनी वर्षानुवर्षं उभ्यानं पाहिली होती. मी यवतमाळची, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन पहिल्याच नोकरीला लागलेली. एका संस्थेनं खेड्यापाड्यांत पुस्तकं पोहोचवायला ही गाडी दिली होती. चालवायला रहीमभाई, पांढरकवड्याचे, आधी हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवायचे. आणि पुस्तकं द्यायला मी. पुण्याहून आलेला मार्गाचा नकाशा इतका देखणा होता की मी तो फ्रेम करून लावायचं म्हणत होते. कमीत कमी अंतर, कमीत कमी डिझेल, कुठंही उलटा फेरा नाही. फक्त आम्ही पोहोचायचो तेव्हा गावात माणूस नसायचा. दोन महिने मी आणि रहीमभाईंनी ग्रामपंचायतींसमोर बसून शेंगदाणे खाल्ले होते.

"मी येऊ का उद्या?" बाईंनी विचारलं. मी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनीच ठरवलं. "सात वाजून दहा मिनिटाले येते."

दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी त्या आल्या. त्यानंतर तीन वर्षं येत राहिल्या. ऑफिसनं त्यांना रीतसर कामावर घेतलं ते कितीतरी नंतर.

बाईंना किलोमीटर कळत नसत. कळून घ्यायचेच नसत म्हणा. कुठलंही गाव किती लांब आहे असं विचारलं की उत्तर मिनिटांत मिळायचं. "रिकामी गाडी बावीस, भरलेली सव्वीस. सोयाबीनच्या सीझनमंधी एकतीस, कारण थ्रेशर रस्त्यात उभे राह्यतात." 'जवळपास' आणि 'अंदाजे' हे शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. रहीमभाई एकदा म्हणाले, "पोचू की चारेक वाजता." बाईंनी विचारलं, "चार का चारेक? चारेक घड्याळात कुठं राह्यते, मले दाखवा." रहीमभाईंनी गाडीचा वेग वाढवला आणि आम्ही तीन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी पोहोचलो. मग बाईंनी दोन मिनिटं दार उघडू दिलं नाही.

माणसंही त्यांच्या लेखी वेळांची होती. रस्त्यानं जाणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याकडं पाहून म्हणायच्या, "हे पावणेबाराचे बाबा. पोराकडं महागावले जातात, पाच वीसच्या बसनं वापस." एक सुरेख शिक्षिका होत्या, त्या "सात पस्तीसच्या मॅडम". मला वाटायचं, माझी कुठली वेळ असेल? विचारायचं धाडस झालं नाही.

पहिलं काम त्यांनी केलं ते म्हणजे वेळापत्रक दारावरून काढून घडी करून माझ्या हातात दिलं. "ठेव. चित्र चांगलं हाये." मग दहा दिवस आम्ही एकही पुस्तक न देता नुसतेच गावोगाव फिरलो. बाई प्रत्येक गावात उतरायच्या आणि पहिली दिसेल त्या बाईला विचारायच्या, "तुमी रिकाम्या कधी राह्यता?"

या प्रश्नावर बायका आधी चमकायच्या, मग हसायच्या. एकीच्या डोक्यावर सरपण होतं. ती न थांबता म्हणाली, "रिकामी? मले तं आठवत नाई बाप्पा." दुसरी म्हणाली, "कायले विचारता? सरकारनं रिकामपणाची योजना काढली का?"

चौथ्या दिवशी मी वैतागले. म्हटलं, "बाई, कुणालाच वेळ नाही. वाचणार कधी?"

बाई उत्तर द्यायच्या ऐवजी रस्त्याच्या पलीकडं पाहत होत्या. तिथं पिठाची चक्की होती. चक्कीसमोर डब्यांची रांग आणि डब्यांच्या मागं भिंतीला टेकून आठ-दहा बायका. कुणी पदराशी चाळा करत होती, कुणी नुसती समोर पाहत होती.

"पोरी," बाईंनी माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठले, "ह्या काय करून राह्यल्या?"

"दळणाची वाट पाहत आहेत."

"वाट पाहून राह्यल्या!" त्या जवळजवळ ओरडल्या. "रिकामं कोणीच नाई. पण वाट तं सारेच पाहतात! डबा रांगेत, हात मोकळे! आपण उगीच पंचायतीसमोर गाडी लावतो. पंचायतीत कोण कशाची वाट पाहते? चल, चल, लिहून घे!"

त्या दिवशी बाईंचं जे काही झालं ते मी आजवर कुणाचं होताना पाहिलेलं नाही. त्या गाडीत एका जागी बसेनात. रस्त्यात दिसेल ती प्रत्येक वाट पाहण्याची जागा त्यांना दिसायला लागली आणि त्या ती मोठ्यानं सांगायला लागल्या. रेशनचं दुकान. दूध संकलनाचं केंद्र. दवाखान्याचा ओटा. शाळा सुटायच्या आधी फाटकापाशी उभ्या आज्या. टँकरची जागा. मी लिहीत होते, हात दुखत होता, आणि मलाही हसू आवरत नव्हतं. रोजचाच रस्ता होता आणि दोन महिने मी त्याच रस्त्यानं वाचक नाहीत म्हणून कुरकुरत गेले होते.

मग त्यांनी टाइमटेबल बांधायला घेतलं. ते काही साधं काम नव्हतं. चक्की चालते वीज असेल तेव्हा, आणि विजेची पाळी आठवड्याला बदलते. म्हणून बाईंनी वायरमनशी ओळख काढली. तो दर रविवारी त्यांना फोन करून पुढच्या आठवड्याची पाळी सांगायचा. रेशन वाटप महिन्याच्या ठरावीक दिवसांत. टँकरचं तर विचारूच नका. ह्या सगळ्या वेळा जुळवायच्या, शिवाय गाडीनं त्याच त्या रस्त्यावर फुकट चकरा मारायच्या नाहीत. बाई जमिनीवर फतकल मारून, वहीतून फाडलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या पसरून बसायच्या. एक चिठ्ठी म्हणजे एक थांबा. तासन्‌तास सरकवायच्या. एखादी चिठ्ठी बरोबर बसली की टाळी वाजवायच्या. त्यांची सून मला म्हणाली होती, "आमच्या घरी पंखा लावायची मनाई हाये ताई. आत्याबाईचे गावं उडून जातात."

चक्कीवरचा पहिला दिवस मला आजही आठवतो. दुपारी दोन वाजून पाच मिनिटांनी आम्ही पोहोचलो. बायकांनी पाहिलं, पण कुणी जागची हलली नाही. बाईंनी पंधरा-वीस पुस्तकं उचलली आणि डब्यांच्या रांगेत, प्रत्येक डब्याच्या झाकणावर एकेक ठेवून दिली. आपला डबा आपलाच असतो, त्यावर कुणी काही ठेवलं तर बघावंच लागतं. हळूहळू एकेक हात पुढं आला. थोड्या वेळानं चक्कीवाल्यानं आवाज दिला, "कोणाची ज्वारी? झाली!" कुणी उठेना. त्यानं पुन्हा आवाज दिला. एक बाई भिंतीला टेकून, पुस्तकात नाक खुपसून बसली होती. शेजारणीनं कोपर मारलं तेव्हा ती म्हणाली, "थांब न वं, दुसऱ्याची दळून घे म्हणा आधी."

बाई गाडीच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. मी पाहिलं तर डोळे पुसत होत्या. "पीठ गेलं डोळ्यात," म्हणाल्या.

एवढं सगळं असूनही पुण्याच्या ऑफिसला चैन नव्हतं. बाईंच्या मार्गाला डिझेल जास्त लागायचं, आणि नकाशावर तो गुंता झालेल्या दोऱ्यासारखा दिसायचा. विशेषतः एका बंजारा तांड्यावरून वाद होता. मुख्य रस्त्यापासून आत, गाव छोटं, त्यात निम्मी माणसं दसऱ्यानंतर ऊस तोडायला पश्चिमेकडं जातात ती होळीलाच परततात. 'हा थांबा वगळावा' असं तीनदा लिहून आलं. बाईंनी तीनदा उत्तर पाठवलं, 'वगळणार नाही.' त्याखाली सही आणि सहीखाली वेळ.

शेवटी संस्थेचे अध्यक्ष स्वतः यायचं ठरलं. एका गुरुवारी आमच्यासोबत फिरून ते निर्णय घेणार होते, गाडी इथं ठेवायची की दुसऱ्या जिल्ह्यात पाठवायची. साहेब आले. साठीचे, शिस्तीचे, हातात फाईल. मार्चचं ऊन चढायला लागलं होतं. त्या दिवशी तीन थांबे होते, पहिला रेशनचं दुकान, दुसरा चक्की, तिसरा तांडा. महागाव सोडलं आणि एका चढावर गाडीनं आचका दिला आणि थांबली.

रहीमभाई खाली उतरले, वाकून पाहिलं आणि हात झटकले. "क्लच गेला, बाई. अब मेकॅनिक आल्याशिवाय ही हलत नाई."

साहेबांनी फाईल मिटली. "म्हणजे आजचा दौरा रद्द," ते म्हणाले. रागानं नव्हे, पण संपल्यासारखं.

"रद्द कायले?" बाई म्हणाल्या. "दहा बेचाळीसची बस येऊन राह्यली न."

मी मोबाईल पाहिला. दहा पस्तीस.

"सात मिनिटं हायेत! पोरी, पिशव्या काढ!"

त्या सात मिनिटांत बाई गाडीत वाऱ्यासारख्या फिरल्या. "रेशनले म्हातारे जास्त, मोठ्या अक्षराचे घे. तो मिशीवाला भाऊ विहिरीच्या पुस्तकाचा दुसरा भाग मांगत होता, खालच्या कप्प्यात हाये. चक्कीले गोष्टी, अन् शिलाईचं ते जाड. पोट्ट्यायचे चित्राचे इकडं दे, तांड्याले." एका पुस्तकासाठीही त्यांना नोंदवही पाहावी लागली नाही. तीन पिशव्या भरल्या आणि चढाच्या वळणावर बसचं तोंड दिसलं.

बाई रस्त्याच्या मधोमध जाऊन हात वर करून उभ्या राहिल्या. बस थांबली. कंडक्टर दारातून वाकला. "अवो मॅडम! तुमी?"

"लगेज हाये," बाई म्हणाल्या. "तीन पिशव्या, एक साहेब."

बसमध्ये उभ्याउभ्या त्यांनी योजना सांगितली. रेशनच्या गावी मी उतरायचं, चक्कीवर साहेब, तांड्याच्या फाट्यावर बाई. बस शेवटच्या गावाला जाऊन परत फिरेल आणि आम्हाला उलट्या क्रमानं उचलेल.

"मी?" साहेबांनी दांडा घट्ट धरला होता. "मी एकटा काय करणार तिथं?"

"पुस्तक मांगितलं तं द्या, नाव लिहा. अन् दळण झालं म्हणून आवाज आला का वाचणारीले सांगा, तिले आयकू येत नाई. बारा बावन्नले बस येईन. पन्नासले रस्त्यावर या."

मी रेशनच्या दुकानापाशी उतरले आणि मागं पाहिलं. बसच्या खिडकीत साहेबांचा चेहरा असा होता, जणू त्यांना पहिल्यांदाच शाळेत सोडायला नेत होते.

रेशनला त्या दिवशी रेंज नव्हती, अंगठ्याचं मशीन अडून बसलं होतं आणि रांग झाडापर्यंत गेली होती. मी धान्याच्या कट्ट्यावर बसले. पिशवी अर्ध्या तासात रिकामी झाली. पण माझं सगळं लक्ष पुढच्या दोन थांब्यांकडं. साहेबांना कुणी ओळखतं का? बाईंना फाट्यापासून तांड्यापर्यंत कुणाची मोटारसायकल मिळाली का? एक वाजून चार मिनिटांनी बस यायची होती. एकला मी रस्त्यावर. तीन मिनिटं झाली, आणि चार पुरी व्हायच्या आत धुळीतून बस आली. मी चढले आणि पाहतच राहिले.

साहेब डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरे होते. चष्म्यावर पीठ, भुवयांवर पीठ. आणि ते बोलत होते. शेजारच्या शेतकऱ्याशी, कंडक्टरशी, मग माझ्याशी, थांबतच नव्हते. "एक उरलं नाही! एक! दोघींचं भांडण झालं एका पुस्तकावरून, मी मिटवलं, एकीनं आधी वाचायचं, दुसरीनं पुढच्या फेरीला. आणि माझ्या बॅगेत माझं स्वतःचं एक होतं, प्रवासात वाचायला आणलेलं. एका बाईनं तेही पाहिलं. म्हणाली, हे कायले लपवून ठेवलं? दिलं! नोंद करून दिलं! माझी अजून चाळीस पानं वाचायची राहिलीत!"

बाई मात्र मागच्या सीटवर बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर एक पुस्तक होतं. फुगलेलं, कडा काळ्या पडलेल्या, पानं एकमेकांना चिकटलेली. मी ते ओळखलं. दिवाळीच्या आधी तांड्यावरच्या सोनाबाईनं नेलं होतं. माझ्या नोंदवहीत त्यापुढं मी लाल शाईनं 'हरवले' असं लिहिलं होतं.

"ऊस तोडायले घेऊन गेलती," बाई म्हणाल्या. "काल परवाच वापस आली. मले पाह्यलं अन् धावत आली. म्हणे, बाई, माझं नाव कापू नका. पाच महिने हे तिथं फिरलं, पोरी. एका झोपडीतून दुसरीत. हिनं वाचायचं अन् दहा जणींनी आयकायचं. हे पाह्य." त्यांनी पान उघडायचा प्रयत्न केला. ते उसाच्या रसानं चिकट झालं होतं. मी हात लावला आणि मला आपल्या लाल शाईची लाज वाटली.

साहेब वळून बसले होते. त्यांनी पुस्तक घेतलं, उलटसुलट केलं. मग म्हणाले, "गाडी इथंच राहील. मी लिहून देतो."

"ते तं राहीनच, साहेब," बाई म्हणाल्या, जणू कुणी ऊन पडलंय असं सांगितलं. "पण गाव उठून जाते तं आपण गावाच्या मागं जावं का नाई?"

पुढच्या दसऱ्यानंतर तांड्यावरून माणसांचे ट्रक निघाले तेव्हा त्यांत आमच्या दोन पेट्या होत्या, सोनाबाईच्या ताब्यात. संक्रांतीनंतर तिचा फोन आला की सगळी पुस्तकं दोनदा वाचून झाली. बाईंनी लगेच कागद पुढं ओढला. दोन दिवस, पाच बस, मध्ये एका ओळखीच्या कंडक्टरकडं मुक्काम. एकही बस चुकली नाही. नव्या पुस्तकांची पेटी दोघींच्या मध्ये धरून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परक्या मुलखातल्या साखर कारखान्यापाशी उतरलो.

आणि बाई जागच्या जागी थबकल्या.

कारखान्याच्या फाटकापासून उसानं भरलेल्या बैलगाड्यांची रांग लागली होती. वजनासाठी. रांग रस्त्याच्या कडेनं वळत वळत झाडांच्या पलीकडं कुठं तरी गेली होती, टोक दिसत नव्हतं. गाड्यांवर, गाड्यांच्या सावलीत, जुवावर पाय टाकून, शेकडो माणसं बसली होती. कुणी बैलांच्या पाठी खाजवत होतं. कुणी नुसतंच बसलं होतं. सोनाबाई कुठूनशी हात हलवत आली. "चार चार तास असंच राह्यते, बाई," ती म्हणाली.

"चार तास!" बाईंचा आवाज फुटला. साठीची ती बाई अशी उजळली की मला तिच्याकडं पाहावं का रांगेकडं तेच कळेना. त्यांनी पदर खोचला, पेटीचं एक टोक उचललं. मी दुसरं उचललं आणि फाटकाकडं, पहिल्या गाडीच्या दिशेनं निघाले.

"तिकडं कुठं?" त्यांनी मला थांबवलं. "पहिल्याचा आता नंबर लागन. त्याले कोण वाचू देते? शेवटच्या गाडीपासून सुरू करायचं. टाइम त्याच्यापाशी हाये."

आम्ही रांगेच्या कडेनं उलट दिशेनं चालायला लागलो. मध्ये पेटी, मागं सोनाबाई. गाड्यांवरून माणसं माना वळवून पाहत होती, विचारत होती, काय आहे त्यात, काय आहे. आम्ही चालतच राहिलो, आणि पुढं वळणावर आणखी गाड्या येऊन रांगेला लागतच होत्या.